लस टोचल्यावर लेकराला जास्त झाले तर

दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली गावे निम्मी रिकामी होतात. शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज, कुठेही जा. दारांना कुलपे दिसतात. म्हातारी माणसे ओट्यावर बसलेली दिसतात. कर्ती माणसे कोयता घेऊन गेलेली असतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कोणी पार बेळगावकडे. अंगावर पिणारी लेकरे आईबरोबर जातात. फडाजवळ कोपी पडते. तिथेच झोळी बांधली जाते.

अशाच एका कोपीतली ही गोष्ट आहे. ती कोणा एका घरची नाही. अशा घरी जे घडू शकते ते इथे मांडले आहे. म्हणून नावे घातली नाहीत.

मंगळवारचा दिवस होता. टोळीच्या तळावर नर्सबाई आली. तिच्याजवळ निळा डबा होता. त्या डब्यात बर्फाच्या पिशव्या असतात, आणि त्यांच्या गारव्यात लसीच्या बाटल्या असतात. तळावरची सगळी लहान मुले तिने गोळा केली. त्यात साडेतीन महिन्यांचा एक मुलगा होता. सकाळी अकरा वाजता त्याला लस दिली. तोंडात थेंब घातले. दोन्ही मांड्यांवर एकेक सुई दिली. उजव्या दंडावर एक बारीक सुई दिली.

या वयाला देतात त्या सुयांमधली एक पाच रोगांवरची असते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब नावाच्या जंतूपासून होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर. पाच रोग, सुई एक. आपल्या आजीच्या काळी या एकेका रोगाने घरातली दोन-दोन लेकरे जायची. हे आजीला विचारा, ती सांगेल.

नर्सबाई म्हणाली, "ताई, अर्धा तास इथंच बसा. लगेच उठू नका."

आई म्हणाली, "बाई, फडात मोळ्या पडल्यात. गाडी भरायची राहिली."

"गाडी थांबंल. तुम्ही बसा."

हा अर्धा तास कशासाठी असतो, हे पुष्कळांना माहीत नसते. लोकांना वाटते, बाईला आपली माणसे मोजायची असतील. तसे नाही. कोणतीही लस असो, लाखांतल्या, दहा लाखांतल्या एखाद्याच्या अंगाला ती मानवत नाही. अशा वेळी जे व्हायचे ते बहुधा पहिल्या काही मिनिटांतच होते. अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात. ओठ, डोळे, चेहरा सुजतो. श्वास घेताना सूं-सूं आवाज येतो. लेकरू पांढरे पडते, गार पडते, मान टाकते. हा सगळ्यात घातक त्रास. पण त्यावर औषध आहे, आणि ते नर्सबाईच्या पेटीतच असते. त्याचे नाव अ‍ॅड्रिनॅलिन. ते मांडीत टोचतात. वयाप्रमाणे त्याचे माप ठरलेले असते. ते टोचायचे शिक्षण नर्सबाईला दिलेले असते. ते वेळेवर मिळाले तर लेकरू हाती लागते. तुम्ही फडात निघून गेलात, तर औषध इथे आणि लेकरू तिथे.

अशा लेकराला आडवे निजवावे. पाय थोडे वर उचलून धरावेत. धाप लागली असेल तर बसते धरावे. उभे करू नये. पाणी पाजू नये. आणि औषधाने बरे वाटले म्हणून घरी नेऊ नये. हा त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो. म्हणून अशा रोग्याला दवाखान्यात नेऊन एक दिवस तरी डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवतात.

आपल्या गोष्टीतल्या लेकराला त्या अर्ध्या तासात काहीच झाले नाही. ते दूध प्यायले आणि झोपले.

उठताना नर्सबाईने चार गोष्टी सांगितल्या. कोणती लस दिली आणि ती कोणत्या रोगावर आहे. पुढची लस कधी. लस दिल्यावर कोणता त्रास होऊ शकतो आणि त्याला काय करायचे. आणि चौथी, हे कार्ड जपून ठेवा, येताना घेऊन या. या चार गोष्टी सांगणे हे तिचे कामच आहे. तिने घाईत सांगितल्या नाहीत तर आपण विचाराव्यात. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

संध्याकाळी लेकराचे अंग तापले. मांडी लाल झाली, थोडी सुजली. लेकरू किरकिर करू लागले. आजी कोपीत होती. ती म्हणाली, "सुईनं असं होतंच. तुझ्या नवऱ्याला बी झालं होतं."

आजीचे म्हणणे इथपर्यंत बरोबर होते. ताप येणे, मांडी दुखणे, एक-दोन दिवस चिडचिड करणे, हे नेहमीचे आहे. अंगावर पातळ कपडा ठेवावा. आईचे दूध घडीघडी पाजावे. सुजलेल्या जागी गार पाण्याचे फडके ठेवावे. चोळू नये, शेकू नये, चुना-हळद लावू नये. तापाचे औषध नर्सबाईने सांगितले तेवढेच द्यावे. मोठ्या माणसाची गोळी चुरून देऊ नये. हे फार वाईट. त्या गोळीने लसीपेक्षा जास्त मुले आजारी पडत असतील, असे म्हणावेसे वाटते.

आता दुसरे नेहमीचे त्रासही सांगून टाकतो. जन्मल्यावर दंडावर क्षयाची लस देतात. तिची पुळी होते, फुटते, वण राहतो. ते तसेच व्हायचे असते. पण दोन-चार महिन्यांनी काखेत मोठी गाठ आली किंवा ती वाहू लागली, तर डॉक्टरांना दाखवावी. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस देतात. तिच्यानंतर आठ-दहा दिवसांनी थोडा ताप आणि बारीक पुरळ येते. तेही आपोआप जाते.

मग भिण्यासारखे काय?

लेकरू तीन तास सारखे रडते, कशानेच गप्प होत नाही. ताप फार चढतो. झटके येतात, डोळे फिरतात, हातपाय ताठ होतात. लेकरू लुळे पडते, हाकेला ओ देत नाही. दूध ओढत नाही. सारख्या उलट्या होतात. श्वास जोरजोरात चालतो, छाती आत ओढली जाते. यातले एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहू नये.

रात्री नऊ वाजता त्या कोपीत हेच झाले. आई लेकराला दूध पाजायला बसली. लेकराने तोंड लावले नाही. चिमणीच्या उजेडात तिला त्याचे ओठ निळसर दिसले. अंग पांढरे पडले होते. हात उचलला तर ओल्या फडक्यासारखा खाली पडला. तिने हाक मारली, तळव्याला टिचकी मारली. लेकरू डोळा उघडीना.

आजी म्हणाली, "दृष्ट लागली. आधी मीठ-मोहऱ्या आणा."

शेजारची काकू म्हणाली, "कांदा फोडून हुंगवा."

बाप मुकादमाकडे धावला. मुकादम म्हणाला, "आत्ता रातचं कुठं जाता? सकाळी बघू. उद्या तुम्ही दोघं नसलात तर खाडा पडंल, मला बोलू नका."

खाडा म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. एक दिवस कोयता बंद, की उचलीतून पैसे कापले जातात. मजुरी बुडते ती वेगळीच. या एका शब्दापायी किती दुखणी अंगावर काढली गेली असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही. बाप तिथेच उभा राहिला. त्याला काय करावे ते सुचेना.

आई उठली. तिने लेकराला कुशीवर घेतले. नाकासमोर हात धरला. श्वास चालू होता. ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, खाड्याचं मागून बघू. फोन लावा. एकशेआठ."

१०८ हा आकडा सगळ्यांनी पाठ करावा. आपल्या राज्यात ही गाडी २०१४ सालापासून आहे. तिच्यात डॉक्टर असतो, प्राणवायू असतो. पैसे पडत नाहीत. रात्र असो, दिवस असो, महाराष्ट्रात कुठूनही हा आकडा लागतो. कर्नाटकातही १०८ हाच आकडा आहे. बाळंतिणीसाठी आणि तान्ह्या मुलांसाठी १०२ अशी दुसरी गाडी आहे. फोनवर गावाचे नाव सांगावे, कोणत्या कारखान्याचा तळ ते सांगावे, जवळची खूण सांगावी. रस्त्यावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा करावा. ऊसाच्या रानात रात्री गाडीला कोपी सापडत नाही.

गाडी येईपर्यंत काय करायचे? लेकराला कुशीवर निजवायचे. तोंडातला फेस, उलटी फडक्याने पुसायची. झटके येत असतील तर हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, कापूस, काहीच घालायचे नाही. पाणी घालायचे नाही. कांदा, चप्पल हुंगवायची नाही. त्याने झटका थांबत नाही, फक्त वेळ जातो. झटका किती वेळ चालला ते मात्र घड्याळात किंवा मोबाईलवर बघायचे. पाच मिनिटांवर गेला तर धोका मोठा. डॉक्टर हे पहिले विचारतो.

गाडी आली. आईने निघताना एकच वस्तू घेतली. पत्र्याच्या पेटीतले लसीचे कार्ड.

पहिला दवाखाना तालुक्याचा होता. तिथल्या डॉक्टरांनी लेकराला प्राणवायू लावला. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासली. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कोणती लस दिली? किती वाजता? त्रास किती वाजता सुरू झाला? ताप होता का? झटके आले की नुसते लुळे पडले? याआधीच्या लसींना असे झाले होते का? घरात कोणाला फेफरे आहे का?

बाप गोंधळला. त्याला काहीच सांगता येईना. आईने कार्ड पुढे केले. ती मागच्या वर्षी गावच्या वर्गात अक्षरे शिकली होती. अडखळत का होईना, तिने तारीख वाचली. लस अकरा वाजता, त्रास रात्री नऊला, झटके नाहीत, हे तिने सांगितले.

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही माझं निम्मं काम केलंत. आता याला मोठ्या दवाखान्यात बालरोगतज्ज्ञांकडे पाठवतो. मी चिठ्ठी देतो. गाडी तीच नेईल."

आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आता तर त्यानं डोळे उघडले. मग कशाला?"

इथे पुष्कळ लोक परत फिरतात. डोळे उघडले, चला घरी. म्हणून तज्ज्ञ कशासाठी लागतो ते समजून घेऊ.

लेकरू लुळे पडले, ही झाली खूण. ती खूण अनेक कारणांनी दिसते. लसीनंतर तान्ह्या मुलांना क्वचित असे होते. अंग पांढरे पडते, लुळे पडते, थोड्या वेळाने लेकरू पूर्वीसारखे होते. बहुतेक वेळा लसीपासून दोन दिवसांच्या आत हे होते, आणि मागे काही राहत नाही. पण अशीच खूण मेंदूज्वरात दिसते. रक्तातली साखर उतरली तरी दिसते. फेफऱ्याच्या काही प्रकारांत दिसते. हृदयाच्या जन्मजात दोषात दिसते. लस मंगळवारी दिली आणि मेंदूज्वरही त्याच मंगळवारी आला, असे होऊ शकते. लसीवर बोट ठेवून आपण घरी गेलो, तर मेंदूज्वर वाढत राहील. हे सगळे वेगळे करून पाहणे साध्या दवाखान्यात जमत नाही. त्याला लहान मुलांचा डॉक्टर लागतो, रक्ताच्या तपासण्या लागतात, कधी पाठीतले पाणी काढून पाहावे लागते. पाठीतले पाणी काढले की लेकरू लंगडे होते, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे.

दुसरे कारणही तितकेच मोठे आहे. पुढच्या लसी द्यायच्या की नाहीत, हे कोण ठरवणार? आजी म्हणेल, आता सुई नको. नर्सबाई म्हणेल, तारीख झाली. ठरवावे तज्ज्ञानेच. कधी तो म्हणतो, ही एकच लस पुन्हा नको, बाकीच्या सगळ्या द्या. कधी म्हणतो, पुढची लस दवाखान्यात आणून द्या, मी समोर उभा राहतो. कधी म्हणतो, तो त्रास लसीचा नव्हताच, बिनघोर द्या. एका लसीने त्रास झाला म्हणून सगळ्या बंद करणे हे घरात एक साप निघाला म्हणून घरच पेटवण्यासारखे आहे. गोवर आणि धनुर्वात आपल्या घरी काय झाले होते ते विचारत नाहीत.

आपल्या जिल्ह्यात असा तज्ज्ञ कुठे भेटतो? बीडच्या जिल्हा रुग्णालयात भेटतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भेटतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या पुढाऱ्याचे नाव या दवाखान्याला दिले आहे. परळी, केज, धारूरच्या माणसाला अंबाजोगाई जवळ. पाटोदा, शिरूर, वडवणीला बीड बरे. गेवराईकडून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यातही जातात. आष्टीची माणसे बहुधा अहिल्यानगरला धावतात. फडावर असाल तर कोल्हापूरला सीपीआर आहे, मिरजेला सरकारी दवाखाना आहे, बेळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. आपण परगावचे म्हणून सरकारी दवाखान्यात कोणी नको म्हणत नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारांचे पैसे घेत नाहीत. मोठ्या दुखण्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते. तेव्हा ही दोन्ही लसीच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवा. फडावर जाताना ती पिशवी विसरू नका.

त्या लेकराला दोन दिवस मोठ्या दवाखान्यात ठेवले. तपासण्या झाल्या. मेंदूज्वर नव्हता. तिसऱ्या दिवशी ते आईकडे बघून हसले. तज्ज्ञ डॉक्टर म्हणाल्या, "लसीमुळंच झालं असावं. पण आता भीती नाही. पुढच्या लसींबद्दल मी कार्डावर लिहून देते." आईने त्यांना लिहूनच घेतले. हे फार शहाणपणाचे झाले. कारण ही माणसे चैतात गावी परतणार. गावची नर्सबाई वेगळी, गावचा दवाखाना वेगळा. तोंडी सांगितलेले वाटेत हरवते. दवाखान्यातून निघताना मिळालेला कागदही त्यांनी जपून ठेवला. आता यू-विन नावाच्या सरकारी नोंदीत मोबाईलवरही लसी चढवतात. ती नोंद देशात कुठेही बघता येते. तरी हातातले कार्ड ते हातातले.

खाड्याचे काय झाले? खाडा पडलाच. दोघांचा तीन दिवसांचा. तो खोटेपणा इथे करून उपयोग नाही.

आता एक जुनी हकीकत सांगतो. ती वाचण्यासारखी आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. तेव्हा वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ मुंबईत आला. त्याने प्लेगवर लस तयार केली. जानेवारी १८९७ मध्ये ती त्याने पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. मग ती लाखो लोकांना टोचली गेली. १९०२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ माणसांना ही लस टोचली. त्यातली १९ माणसे धनुर्वाताने मेली. हाहाकार झाला. दोष हाफकिनवर आला. त्याला कामावरून दूर केले.

पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली. मेलेली १९ माणसे सगळी एकाच बाटलीतून टोचलेली होती. बाटलीचा नंबर ५३-एन. त्याच दिवशी, त्याच गावात, दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नव्हते. मग दोष लसीचा कसा? पुढे उलगडले ते असे. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. ते बाटलीत गेले. हाफकिनचा दोष नव्हता, हे १९०७ साली मान्य झाले. पाच वर्षे गेली. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्याचे नाव दिले. आजही ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

आता विचार करा. बाटलीचा नंबर लिहिलेला नसता तर? कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले याची नोंद नसती तर? खरे कारण कधी कळलेच नसते. लोकांनी लस सोडली असती आणि प्लेगने मेले असते. म्हणून आजही प्रत्येक लसीच्या बाटलीवर नंबर असतो, आणि तो नोंदवहीत लिहितात. त्रास झाला तर तो नंबर डॉक्टरांना उपयोगी पडतो. तो नर्सबाईकडून मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

चूक माणसाकडून आजही होते. आपल्याच राज्यात झाली आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावी बारा लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचे औषध, म्हणजे सॅनिटायझर, पाजले गेले. मुलांना उलट्या होऊ लागल्या. त्यांना यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. मुले वाचली. आई-बापांनी उलट्या अंगावर काढल्या नाहीत, हे बरे झाले. त्याच्या पुढच्या वर्षी, जानेवारी २०२२ मध्ये, बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस घेतलेली तीन तान्ही मुले दगावली. लसीच्या बाटल्या नेमल्या जागी न ठेवता एका हॉटेलातल्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या, असे तेव्हा आरोग्य खात्याच्या चौकशीत पुढे आले.

गोवरच्या लसीचे एक आहे. ती पूड असते. तिच्यात पाणी घालून पातळ करतात. पातळ केल्यावर ती चार तासांच्या आत संपवायची असते. उरली तर टाकून द्यायची असते. बाटली कधी उघडली ती वेळ बाटलीवर लिहायची असते. शिळी लस नासते, तिच्यात जंतू वाढतात. अशी लस टोचली तर काही तासांतच लेकराला मोठा ताप, उलट्या, हगवण लागते आणि लेकरू झपाट्याने खालावते. आठ-दहा दिवसांनी येणारे पुरळ वेगळे आणि हे वेगळे. इथे तासातासाचा प्रश्न असतो. तेव्हा नर्सबाईला विचारायला हरकत नाही, "बाई, ही बाटली कधी उघडली?" चांगली नर्सबाई रागावत नाही. बाटली पुढे करून दाखवते.

त्रास झाल्यावर आणखी एक काम असते. ते आपल्याला कोणी सांगत नाही. लसीनंतर लेकराला दवाखान्यात ठेवावे लागले, तर तिथल्या डॉक्टरांनी ते चोवीस तासांत वर कळवायचे असते. जिल्हा परिषदेत जिल्हा माता व बाल संगोपन अधिकारी असतात. त्यांच्याकडे हा कागद जातो. जिल्ह्यात यासाठी एक समिती असते. ती घरी येते, विचारते, बाटल्या तपासते. मग त्रास लसीमुळे, हातच्या चुकीमुळे की दुसऱ्याच दुखण्यामुळे, हे ठरवले जाते. खाजगी डॉक्टरकडे गेलात तरी कळवावे लागतेच. "डॉक्टरसाहेब, हे कळवलंत का?" एवढे विचारावे. आशाताईला सांगावे, ग्रामपंचायतीला सांगावे. माणसे तपासायला आली तर हाकलून देऊ नये. एका बाटलीतून पाच-दहा मुलांना टोचलेले असते. तुमच्या लेकराचे वेळेवर कळले तर बाकीच्यांना वाचवता येते.

आणि नको ते झाले, लेकरू गेले, तर? हे लिहिताना हात जड होतो. त्या वेळी डॉक्टर शवविच्छेदनाचे विचारतात. एवढ्याशा जिवाला चिरायचे, ही कल्पना कोणत्या आईला सोसेल? तरी घरातल्या एखाद्या धीराच्या माणसाने तिच्याजवळ बसून सांगावे, की लेकरू कशाने गेले हे कळायला पुष्कळदा दुसरा मार्ग नसतो. मागे राहिलेल्या भावंडाला लस द्यायची की नाही, तेही त्यावरून ठरते. नाही म्हणण्याचे तिच्या मनात असेल तर तिला दोष देऊ नये.

आता वही घ्या. खाली एक चिठ्ठी दिली आहे. त्या आईने मोठ्या दवाखान्यात जाताना गाडीत बसून ती लिहिली. अक्षर वेडेवाकडे होते, पण डॉक्टरांना वाचता आले. ती तुमच्या वहीत उतरून काढा. मग आपल्या लेकराची माहिती घालून पुन्हा लिहा.

डॉक्टरसाहेब,

मुलगा साडेतीन महिन्यांचा. वजन पावणेसहा किलो.

मंगळवारी सकाळी ११ वाजता लस दिली. दोन मांडीत, एक दंडात, थेंब तोंडात.

संध्याकाळी ६ वाजता ताप आला. तापाचे औषध एकदा दिले.

रात्री ९ वाजता पांढरा पडला. ओठ निळे. लुळा पडला. ओ दिली नाही. झटके नव्हते.

पावणेदहाला डोळे उघडले. दूध प्यायला नाही.

आधीच्या दोन वेळी नुसता ताप आला होता.

घरात कोणाला फेफरे नाही.

आम्ही ऊसतोडीला आलो आहे. गाव बीड जिल्ह्यात.

कार्ड सोबत आहे.